न बदलणारं काय आणि बदलणारं काय? ख्रिस्ती नीती आणि आपला रोजचा व्यवहार

शरणपूरची_लेक (धागाकर्ती)

चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही इब्री लोकांस पत्रातलं तेराव्या अध्यायातलं आठवं वचन पाठ असतं. येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातही देव म्हणतो की मी बदलत नाही. मी नाशिकची, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती घर, आणि या वचनांवर माझा पूर्ण विश्वास आहे. धागा काढायचं कारण वेगळं आहे.

आमच्या मंडळ्यांमध्ये "हे बदलत नाही" असं ठासून सांगितलं जातं ते बहुतेक वेळा कशाबद्दल? टिकली लावावी की नाही, शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद घ्यावा की नाही, लग्नात हळद लावावी का, रविवारी दुकान उघडावं का. आणि "अहो, व्यवहारात एवढं चालतं" असं म्हणून सोडून दिलं जातं ते काय? कामाला येणाऱ्या मावशींचा थकवलेला पगार, मागची तारीख टाकलेलं बिल, भावाच्या वाट्याच्या जमिनीवर घाईघाईने घेतलेली सही. मला हे पूर्ण उलटं झालेलं दिसतं. शास्त्र जिथे सैल सोडतं तिथे आपण कडक झालो आहोत, आणि शास्त्र जिथे घट्ट आहे तिथे सैल.

नव्या करारातच बघा. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय. इ.स. ५० च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि मंडळीचे वडील एकत्र बसले, कारण प्रश्न मोठा होता: यहूदी नसलेल्या लोकांनी ख्रिस्ती होताना सुंता करून घ्यायची का? सुंता ही अब्राहामापासूनची खूण, लहानसहान रीत नव्हे. तरी निर्णय झाला की ते ओझं या लोकांवर घालायचं नाही. प्रसादासारख्याच प्रश्नावर प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय. बाजारात जे मांस मिळतं ते चौकशी न करता खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्या मनाला ठेच लागू नये म्हणून खाऊ नका. म्हणजे ताटात काय आहे यापेक्षा समोरच्याच्या मनाचं काय होतं हे त्याने मोठं धरलं. प्रसादाबद्दल आपल्यात दोन मतं राहतील, राहू देत.

पण चोरी, खोटी साक्ष, व्यभिचार, खून यांबद्दल अशी सभा कधी भरली नाही, भरण्याचं कारणच नव्हतं. उलट मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने या आज्ञा आणखी आत नेल्या. हात उचलण्याआधीचा राग, हात लावण्याआधीची नजर, तिथपर्यंत. शपथेबद्दल तर तो म्हणतो की शपथच वाहू नका, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या.

मी अंबडला एका कारखान्यात हिशेब बघते. मार्चअखेरीला या "होय ते होय" ची परीक्षा कशी होते ते हिशेबातल्या लोकांना सांगायला नको. तुमच्या कामात, घरात हे कुठे आडवं येतं ते वाचायला आवडेल. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

---

दिंडोरीचा_बागायतदार

ताई, आम्ही माळकरी. बायबल कधी वाचलं नाही, पण धागा मनाला भिडला म्हणून लिहितो.

माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढे डिपिंग, विरळणी, मग काढणी, सगळं मजुरांच्या टोळीवर. टोळ्या पेठ, सुरगाण्याकडून येतात, काही थेट गुजरातच्या डांगातून. हिशोब मुकादमाशी होतो, उचल आधीच दिलेली असते. आता आमची अडचण ऐका. व्यापारी माल नेतो, थोडे पैसे हातावर ठेवतो, बाकीचे "पंधरा दिवसांत". काही व्यापारी तर पैसे बुडवून रातोरात गायब होतात, हे आमच्याकडे दर हंगामात कुठे ना कुठे होतं. माझेही एका हंगामाचे पैसे असेच गेले. मग शेतकरी काय करतो? टोळीला थांबवतो. व्यापाऱ्याने मला थांबवलं, मी तुला थांबवतो. त्यात कुणाला चूक वाटत नाही, कारण सगळेच तसं करतात.

आमच्या तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली असं लहानपणापासून ऐकतो आणि डोळ्यांत पाणी येतं. पण टोळीच्या हिशोबाच्या दिवशी ते आठवत नाही. तुमच्या शास्त्रात मजुरीबद्दल काही आहे का?

---

शरणपूरची_लेक

दादा, आहे, आणि द्राक्षमळ्याचं नाव घेऊनच आहे.

जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय. हा अध्याय सुरू होतो "तुम्ही पवित्र व्हा" या आज्ञेने. वाचणाऱ्याला वाटतं आता पूजाविधी येणार. येतं काय, तर शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, राहिलेला सरवा वेचू नका, द्राक्षमळा झाडून-पुसून नेऊ नका, गळून पडलेली द्राक्षं गोळा करू नका. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. पुढे तेराव्या ओवीत: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. अध्यायाच्या शेवटी खरा ताजवा, खरी वजनं, खरं माप. आणि "आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर" ही आज्ञा येशूने उचलली ती याच अध्यायातून, अठराव्या ओवीतून. आम्ही ती लग्नपत्रिकेवर छापतो, भिंतीवर लावतो, पण तिच्या एका बाजूला मजुरी आहे आणि दुसऱ्या बाजूला तराजू, हे कुणी सांगत नाही.

याकोबाच्या पत्रात तर फार कडक शब्द आहेत. तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते आहे, आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलंय, असं पाचव्या अध्यायात आहे.

इथे कुठेही "व्यापाऱ्याने पैसे दिल्यावर द्या" असं नाही. तुमचं नुकसान खोटं आहे असं मी म्हणत नाही. ज्याने तुमचे पैसे बुडवले त्याने पाप केलंय आणि त्याला कायद्याने धरलं पाहिजे. पण तो तोटा तुमच्यापेक्षा अशक्त माणसाच्या अंगावर सरकवायची मुभा या वचनात मला सापडत नाही.

---

जेलरोडवाला

मी कॅथलिक, नाशिक रोडचा. ताईंच्या मुद्द्याला आमच्या परंपरेतून थोडी जोड देतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न घेतला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. चांगलं करावं, वाईट टाळावं, हे मुळातलं तत्त्व कुणासाठीच बदलत नाही. पण त्यावरून जसजसं तपशिलात उतरावं तसतसे नियम "बहुतेक वेळा" लागू होतात, "प्रत्येक वेळी" नाही. त्यांनी दिलेलं उदाहरण: ठेवलेली ठेव मालकाने मागितली की परत द्यावी, हा चांगला नियम. पण ठेव परत मागणारा ती घेऊन आपल्याच देशाविरुद्ध लढायला निघाला असेल तर? तेव्हा देणं चूक. म्हणून काही ठेवीचा नियम खोटा ठरला नाही. ज्याचं त्याला द्यावं हे तत्त्व जागेवरच आहे, त्या तत्त्वासाठीच आज हात आखडता घ्यावा लागतो.

मात्र यातून पळवाट काढणारे खूप. "परिस्थिती तशी होती" हे वाक्य पापनिवेदनाला सगळ्यात जास्त वापरलं जात असणार! परिस्थिती बघायची ती समोरच्याला दुखापत होऊ नये म्हणून. आपल्या खिशाला झळ लागू नये म्हणून बघायला लागलो की समजावं, गाडी घसरली.

आणि द्राक्षमळ्याचा विषय निघालाच आहे तर मत्तय, विसावा अध्याय. मळ्याचा धनी दिवसभर मजूर आणत राहतो, शेवटचे तर तासभरच काम करतात, तरी सगळ्यांना सारखी मजुरी देतो. प्रवचनात आपण कृपेबद्दल बोलतो, ते बरोबरच आहे. पण त्या गोष्टीतला साधा तपशील बघा: संध्याकाळ होताच धनी कारभाऱ्याला सांगतो, मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. त्याच संध्याकाळी.

---

विवेकवादी_सिन्नर

चर्चा चांगली चालू आहे, पण मूळ दाव्यालाच माझा आक्षेप आहे. "न बदलणारी तत्त्वं" म्हणता, मग गुलामगिरीचं काय? ख्रिस्ती राष्ट्रांनीच शेकडो वर्षं माणसं विकली. त्यांचे धर्मगुरू इफिसकरांस पत्र दाखवून सांगायचे की दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा. व्याजाचंही तेच. मध्ययुगात चर्चने व्याज घेणं पाप ठरवलं होतं, आज चर्चच्याच मुदतठेवी बँकेत असतात. म्हणजे समाज बदलला की तुमची नीती मागून बदलते आणि मग तुम्ही म्हणता, ती पहिल्यापासून अशीच होती. मला हे अप्रामाणिक वाटतं. माणूस शिकत गेला आणि नीती सुधारत गेली, असं सरळ म्हणायला काय हरकत आहे?

---

शरणपूरची_लेक

विवेकवादी, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि त्याचं उत्तर देताना मला आमच्या शरणपूरचीच गोष्ट सांगावी लागेल.

आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि ट्रॅफिक आठवतो. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे ख्रिस्ती वस्ती उभी केली, शाळा आणि कारागिरीची कामं सुरू केली. हिंदी महासागरात इंग्रजी आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची, आणि त्यांतली बरीच इथे नाशिकला आणली गेली. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा दफनाची प्रार्थना वाचणारा आणि झाडावर त्यांचं नाव कोरणारा तो हाच. मृतदेहाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्ये हा नाशिकच्या शाळेतला मुलगा होता. लहानपणी ज्याला माल म्हणून विकलं, तो.

आता तुमचा आक्षेप. निर्गम एकविसाव्या अध्यायात माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड सांगितलाय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात माणसं पळवून विकणाऱ्यांना खुनी आणि खोटी शपथ घेणाऱ्यांच्या पंक्तीला बसवलंय. फिलेमोनाला पौल लिहितो की तुझ्या अनेसिम या दासाला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. ही पानं गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या बायबलमध्येही होती. ते ती पानं ओलांडून पुढे गेले, कारण साखरेत आणि कापसात पैसा होता. विल्यम विल्बरफोर्सने १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेतून गुलामांच्या व्यापारावर बंदी मंजूर करून घेतली, ती आपल्या ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर. तत्त्व तिथेच होतं. माणसं त्याच्यापासून किती लांब गेली होती ते मोजता आलं, ते तत्त्व जागेवरून हललं नाही म्हणूनच. नीती समाजाबरोबर वाहत गेली असती तर त्या काळच्या समाजाला चूक म्हणणार कशाच्या जोरावर?

आणि तरीही तुमच्या बोलण्यातला एक भाग मी पूर्ण मान्य करते. चर्चने हे फार उशिरा पाहिलं, आणि बऱ्याच लोकांनी पाहायचंच नाही असं ठरवलं. याचं मला दुःख आहे. व्याजाचंही थोडं असंच. जुन्या करारातली व्याजबंदी वाचा, तिथे समोर अडलेला गरीब भाऊ उभा आहे. त्याच्या अडचणीवर कमाई करू नका, हे आजही तसंच लागू आहे. बँकेतल्या ठेवीबद्दल मला टोचणी नाही. बचत गटातल्या बाईला दरमहा दहा टक्क्यांनी पैसे देणाऱ्या ख्रिस्ती सावकाराबद्दल आहे, आणि त्याच्याबद्दल वेदीवरून कुणी बोलत नाही.

तसंच जातीचं. आमच्या लग्नांच्या जाहिरातींमध्ये आजही "पूर्वीचा समाज" विचारतात. गलतीकरांस पत्रात यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे सगळे ख्रिस्तात एक आहेत असं लिहिलंय. आणि त्याच मंडळीत बसून मुलीसाठी स्थळ बघताना जात विचारायची! आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, त्यांनी स्वतःशी झगडून, विचार करून जात मनातून काढून टाकली. आपण त्यांचा अभिमान सांगतो. सव्वाशे वर्षांनंतर आपण कुठे आहोत, हे मला मंडळीतल्या प्रत्येक आईवडिलांना विचारावंसं वाटतं.

---

मी_सिस्टर

मी नर्स आहे. ताई, "होय ते होय" माझ्या कामात सगळ्यात जड जातं.

कॅन्सरचा पेशंट असतो. नातेवाईक मला कॉरिडॉरमध्ये गाठतात: सिस्टर, बाबांना काही सांगू नका हं, धसका घेतील. ते प्रेमाने सांगतात. आणि बाबा रात्रपाळीला माझा हात धरून विचारतात, बेटा, मला नक्की काय झालंय?

आमच्या प्रार्थना गटात यावर खूप बोलणं झालं. एकांनी निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या सुइणी आठवून दिल्या. इजिप्तच्या राजाने, फारोने, इब्री बायकांचे मुलगे मारायला सांगितले, त्यांनी मारले नाहीत आणि त्याला खोटं कारण सांगितलं, तरी देवाने त्यांचं भलं केलं. संत ऑगस्टीन मात्र खोटं कधीच चालत नाही या मताचे. ते म्हणतात, देवाने सुइणींना त्यांच्या दयेचं फळ दिलं, खोट्याचं नाही. दोन्ही बाजू ऐकल्या. मला वाटतं सुइणींची गोष्ट जीव वाचवायच्या वेळची आहे. मी माझ्या सोयीसाठी ती वापरू नये.

मी करते ते सांगते. नातेवाइकांना म्हणते, मी आपणहून सांगायला जाणार नाही, ते डॉक्टरांचं काम आहे, पण बाबांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मग बाबांनी विचारलं की आधी मीच विचारते: बाबा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? काहीजण म्हणतात, राहू दे. काहीजण म्हणतात, सगळं. जे "सगळं" म्हणतात त्यांच्यासाठी डॉक्टरांना बोलावते आणि ते सांगत असताना मी तिथे थांबते. खूप जणांना आधीपासूनच कळलेलं असतं. त्यांना कुणाशी तरी बोलायचं असतं, आणि घरचे सगळे हसरे चेहरे करून बसल्यामुळे बोलता येत नाही. एका आजोबांना मुलीशी घराच्या कागदांबद्दल बोलायचं होतं. सगळ्यांनी "बरे व्हाल" म्हणत म्हणत तो वेळ घालवला. त्यांचं बोलायचं राहून गेलं.

---

गंगापूर_रोड_०७

+१ सिस्टर. फार महत्त्वाचं लिहिलंत.

---

नवा_अकाउंटंट

ताई, मार्चअखेरीचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. मी नवीन आहे, वय चोवीस, घरी आई आणि मी. साहेब सांगतात, एप्रिलमध्ये आलेलं बिल मार्चच्या तारखेने बसव. नाही म्हटलं तर नोकरी जाईल का ही भीती आहे. ई-वे बिल, जीएसटी यांमुळे आता पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही, पण सेवांची बिलं, कॅशची व्हाउचरं यांत अजून चालतं. तत्त्व ठीक आहे, पण माझ्यासारख्याने काय करायचं?

---

शरणपूरची_लेक

भावा, तुझी भीती खरी आहे, "देवावर सोड" एवढंच सांगून मी मोकळी होणार नाही.

आधी नीट बघ की सांगितलेलं खरंच खोटं आहे का. मार्चमध्ये काम झालंय आणि बिल एप्रिलमध्ये आलं, तर तो खर्च मार्चमध्ये तरतूद म्हणून दाखवणं पूर्ण बरोबर आहे, त्यासाठी बिलाची तारीख बदलायची गरजच नसते. निम्म्या वेळा साहेबांना हवं असतं ते सरळ मार्गाने होतं, फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मी तसंच करते. "साहेब, तारीख बदलत नाही, तरतूद टाकते, आकडा तोच येईल" असं सांगते, आणि बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

कामच झालं नसेल आणि व्हाउचर बनवायला सांगितलं, तर मात्र मी सही करत नाही. आवाज न चढवता, चारचौघांत नाही, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगते. त्याची किंमत पडली. एका वर्षी पगारवाढ माझ्या बरोबरीच्यांपेक्षा कमी झाली, आणि ती का झाली हे सगळ्यांना माहीत होतं. तुला हे आधीच कळलेलं बरं. आईशीही आत्ताच बोल, ऐन वेळी तिला धक्का नको. आणि दुसरीकडे अर्ज करत राहा. खोट्या सहीत अडकल्यावर जबाब तुलाही द्यावा लागेल, हेही लक्षात ठेव.

---

विवेकवादी_सिन्नर

ताई, गुलामगिरीचं उत्तर पटलं असं म्हणणार नाही, पण विचार करायला लावलंत. एक शेवटचं. मी देव मानत नाही, आणि मीही खोट्या व्हाउचरवर सही करणार नाही. मग तत्त्वासाठी देव कशाला हवा?

---

जेलरोडवाला

याचं उत्तर मी देऊ का? रोमकरांस पत्र, दुसरा अध्याय, चौदा-पंधरा. ज्यांना नियमशास्त्र मिळालेलंच नाही तेही ते पाळतात, कारण ते त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेलं आहे, असं पौल म्हणतो. तेव्हा तुम्ही सही करणार नाही याचं आम्हाला आश्चर्य नाही. तुमच्या मनात ते कुणी लिहिलं, यावर आपलं एकमत होणार नाही. पण त्या साहेबांसमोर तुम्ही आणि ताई एकाच बाजूला उभे राहाल.

---

दिंडोरीचा_बागायतदार

सगळं वाचलं. घरात बोललो. या हंगामात टोळीचा हिशोब दर शनिवारी करायचा असं ठरवलंय, व्यापाऱ्याचा चेक कधी का येईना. त्यासाठी सोसायटीतून थोडी रक्कम आधी उचलून बाजूला ठेवणार आहे. व्याज माझ्या अंगावर येईल. दोन प्रश्न आहेत. डांगातली टोळी बाहेरची, ती पुढच्या वर्षी येईल न येईल, त्यांनाही हेच लागू का? आणि पैसे मुकादमाकडे दिले की माझं काम संपलं का?

---

शरणपूरची_लेक

दादा, पहिल्याचं उत्तर जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, चोविसावा अध्याय, चौदा आणि पंधरा. गरीब मजूर तुझ्या भाऊबंदांपैकी असो किंवा तुझ्या गावात राहणारा परका असो, त्याच्यावर जुलूम करू नको, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं. म्हणजे डांगातल्या टोळीलाही हेच.

दुसऱ्याबद्दल थेट वचन मला माहीत नाही, पण मजुरी मजुराची आहे, मुकादमाची नाही. जमलं तर प्रत्येकाच्या हातात द्या किंवा खात्यावर टाका, बायकांची मजुरी बायकांच्याच हातात. उचलीची कपात किती धरली ते मुकादमासमोर मजुराला वाचून दाखवा. यात मुकादम नाराज होईल, त्याचं कमिशन वेगळं आणि उघड ठरवून टाका. हिशोबाची वही हवी असेल तर मी साधी नमुना पानं करून इथे टाकते.